मास्तरांची म्हणून मिरवलेली पेटी

घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आत काय निघतं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्ही ते मनगटावर बांधून खुशाल जेवायला बसता. झाकणाच्या कडेला एक बारीक खाच असते. त्या खाचेत माणूस साचतो. घाम, मेलेली कातडी, साबणाचा राहिलेला फेस, धूळ, केस, सगळं मिळून एक काळपट हिरवं लोणी तयार होतं आणि त्याला वासही येतो. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात नळी धरून उभी असते, त्यामुळे घाणीचं मला फारसं काही वाटत नाही. तरी मावशीच्या टेबलावर पहिल्यांदा ते लोणी पाहिलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली होती.

मावशी मात्र टोक केलेल्या लाकडी काडीनं ते खरवडून कागदावर काढायची, कागद दिव्याखाली धरायची आणि म्हणायची, “हा बेकरीवाला. कणकेसारखं चिकटलंय बघ.” न्हाव्याच्या घड्याळातून बारीक केस निघायचे. शाळेतल्या बाईंच्या घड्याळातून खडूची भुकटी. कोपऱ्यावरच्या वकिलाच्या घड्याळातून मळच निघायचा, पण अत्तराचा. “वर शिंपडलं म्हणून आतली घाण जाते का मेल्याची?” असं म्हणून ती तो कागद चुरगळून टाकायची. अख्खी गल्ली तिला अशी ठाऊक होती. त्यातल्या एकाचाही चेहरा तिनं नीट पाहिलेला नव्हता, कारण ती पुढे कधी बसलीच नाही.

दुकान चिंचोळं होतं. पुढे काचेचं काउंटर, मागे प्लायवूडची भिंत, भिंतीला दाराऐवजी जाड पडदा. पडद्यापुढे मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका. पडद्यामागे मावशी. काकांना सगळे मास्तर म्हणायचे. पांढरा अंगरखा, गळ्यात दोरीला लटकवलेलं भिंग, खिशात दोन चिमटे. असा माणूस समोर दिसला की गिऱ्हाईक आपलं घड्याळ निर्धास्तपणे काढून देतं.

काकांना काहीच येत नव्हतं असं मी म्हणणार नाही. राग आला तरी माणसानं खरं बोलावं. सेल बदलणं, पट्टे लावणं, काच बसवणं हे ते छान करायचे. काउंटरवर त्यांची प्रेस होती: लोखंडी चौकट, वर लांब दांडा, आणि त्याला बसवायच्या लहानमोठ्या प्लास्टिकच्या वाट्या. काच बसवताना वाटी अशी निवडायची की जोर काचेच्या मधोमध न येता कडेवर येईल. चुकीची वाटी घेतली की काच गेलीच. ते बरोबर वाटी निवडायचे, दांडा हळू दाबायचे, कट्टकन आवाज आला की गिऱ्हाइकाकडे बघून भुवया उडवायचे. त्या भुवया सोडल्या तर माझी काही तक्रार नाही.

पण घड्याळाचं खरं काम पडद्यामागे होतं, आणि ते पेटीवर होतं. कामातले लोक तिला स्टेकिंगची पेटी म्हणतात. आमच्यात नुसतं ‘पेटी’. लाकडाचा डबा, आत जाड लोखंडी चकती. चकतीला गोलाकार भोकं, टाचणी जेमतेम जाईल अशा भोकापासून पेन्सिल जाईल अशापर्यंत. चकतीवर वाकलेला एक हात, आणि त्या हाताच्या टोकाला उभी नळी. डब्यात रांगेनं उभे पंच, म्हणजे बोटभर लांब पोलादी कांड्या. कुणाचं टोक सपाट, कुणाचं गोल, कुणाचं पोकळ. घड्याळ हातातून पडलं की त्याच्या आतल्या झुलत्या चाकाची दांडी मोडते. ती केसाएवढीच असते. नवी दांडी चाकात बसवायची तर चाक चकतीवर ठेवायचं, वरच्या नळीतून पोकळ पंच सोडायचा आणि छोट्या पितळी हातोडीनं वर टकटक करायचं. दांडीची कड पसरते आणि चाकाला धरते. ठोका जास्त झाला तर चाक वाकतं. तिरका गेला तर घड्याळ लंगडतं. भोक आणि पंच एका रेषेत आहेत की नाही हे आधी टोकदार कांडी सोडून बघायचं आणि मग चकती खालून आवळायची. ही पायरी गाळणाऱ्या कारागिराचं नाव निघालं की मावशी नाक धरायची.

आता हे काम असं पडद्याच्या दोन बाजूंना का वाटलं गेलं ते सांगते, कारण सगळी घाण तिथूनच सुरू होते.

पेटी मुळात मावशीच्या सासऱ्यांची. म्हातारा पक्का कारागीर आणि तोंडाचा फाटका. मुलाला शिकवायला बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की हातोडी खाली यायला लागली की मुलाचे डोळे मिटतात. भीतीनं नव्हे, आपोआप. डोळे मिटले की हात आखडतो, हात आखडला की ठोका तिरका. म्हाताऱ्यानं समजावलं, ओरडून पाहिलं, पापण्या बोटांनी धरूनही पाहिल्या. “घड्याळ ठोकतोयस की डास मारतोयस?” हे वाक्य म्हणे त्या घरात रोज व्हायचं. पुढे म्हाताऱ्याचीच नजर गेली. तेव्हा नवी सून शेजारी बसून त्याच्यासाठी दिवा धरायची. दिवा धरता धरता तिनं सगळं पाहिलं. एक दिवस मुलानं कुणाचं तरी चाक वाकवलं, म्हाताऱ्यानं त्याच्या हातातून हातोडी हिसकावली आणि सुनेपुढे धरली. तिनं ठोकलं. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, त्यानं कान दिला. मग म्हणाला, “परत.” तिनं परत ठोकलं. त्यानं पेटी उचलून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाला, “ही तुझी. ह्या गाढवाला हात लावू देऊ नकोस.”

इथवर म्हातारा मला आवडतो. पण पुढचं वाक्यही त्याचंच: “बाहेर मात्र बोलायचं नाही. सुनेनं ठोकलेलं घड्याळ कोण मनगटाला बांधेल?”

मावशी हे मला हसत हसत सांगायची. मला हसू यायचं नाही. तिघांनी मिळून ते वाक्य असं पाळलं की म्हातारा गेल्यावरही ते त्या दुकानात मालकासारखं बसून राहिलं. गिऱ्हाईक मोडकं घड्याळ घेऊन आलं की काका भिंग डोळ्याला लावून ते उघडायचे, जीभ टाळूला लावून च्यक च्यक करायचे आणि म्हणायचे, “दांडी गेलीये. बसा, आत जाऊन ठोकून आणतो.” मग पडदा सारून आत. आत येऊन घड्याळ मावशीपुढे ठेवायचे आणि भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे राहायचे. बाहेर बसलेल्याला टकटक ऐकू यायची. काम झालं की काका रुमालानं कपाळ पुसत बाहेर.

कपाळ पुसत! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथेच म्हटलं, “काका, आणताय तर घाम तरी खरा आणा.” मावशीनं तोंडात चिमटा धरला होता, म्हणून हसली नाही. काका म्हणाले, “धंद्यात थोडं दिसणं लागतं गं.” मला त्यांचं थोबाड बघवेना. रोज किती लोक आमच्या खुर्चीत बसून डॉक्टरांना छातीठोकपणे सांगतात की आम्ही दोन वेळा दात घासतो, आणि तोंड उघडल्यावर काय दिसतं ते मीच पुसते. पण ती माणसं निदान आपल्या दातांबद्दल खोटं बोलतात. हे दुसरीच्या हातांबद्दल बोलत होते.

“तुला काहीच कसं वाटत नाही?” मी मावशीला विचारायचे.

“काम माझ्या हातात आहे ना? पेटी माझी आहे ना? मग बाहेर बसून त्या लोकांची तोंडं बघायची मला कुठे हौस आहे. त्यांचा मळ बघते तेवढा पुरे.”

ती हे मनापासून म्हणायची असं मला वाटतं. तिला नाव नको होतं, पण पेटी हवी होती. पंच पुसताना ती कुणाशी बोलायची नाही. तेलाचा बोळा फिरवून प्रत्येक पंच आपापल्या भोकात, आणि मग झाकण. पंच काळपट पडले होते, जुनं पोलाद तसंच होतं. पण टोकं भिंगातून पाहिलीत तर कडा अशा साफ की बघत राहावं. तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं असं काय होतं ते मोजायला बसलं तर ती पेटी आणि आणखी काही नाही. मूलबाळ नव्हतं, घर काकांच्या नावावर, दुकान काकांच्या नावावर.

मग घड्याळ कारागीर मंडळाचे अध्यक्ष उगवले.

ह्या माणसाचं मोठं दुकान आहे आणि त्यात भिंतीवरची सेलची घड्याळं मिळतात. घड्याळाच्या पोटात त्यानं कधी बोट घातलेलं नाही. पण मंडळाचं नवं सभागृह बांधून झालं होतं, उद्घाटनाला सत्कारासाठी एखादा म्हातारा कारागीर हवा होता, आणि सत्कारमूर्ती काळासावळा, पांढऱ्या केसांचा, अंगरख्यात शोभणारा असला तर आणखी बरं. अध्यक्ष काउंटरला रेलून म्हणाले, “मास्तर, आजकाल सगळे सुटे भाग फेकतात आणि नवे घालतात. तुमच्यासारखा ठोकणारा हात आता राहिला कुठे? तुमचा सत्कार करायचाय. आणि तुमचं एखादं अवजार द्या, काचेच्या कपाटात ठेवू. पुढच्या पिढीला कळू दे.”

मी तेव्हा पडद्यामागे मावशीशेजारी होते. दवाखाना सुटल्यावर घरी जाताना मी तिथे टेकायचे. वाटलं, काका म्हणतील, “थांबा, ठोकणारे हात दाखवतो,” आणि पडदा बाजूला करतील. किती सोपं होतं! एवढा मोठा मान दारात आला होता, त्यातला अर्धा वाटून दिला असता तरी काकांचं काही कमी झालं नसतं. काका म्हणाले, “अवजार काय, जीवच मागा.”

आणि आत आले. चकतीवर शाळेतल्या बाईंच्या घड्याळाचं चाक होतं, ठोकायचं बाकी. काकांनी चिमट्यानं ते उचललं, बाटलीच्या झाकणात ठेवलं आणि पेटी मिटायला लागले.

“अहो, काय करताय?” मावशी म्हणाली.

“कार्यक्रमापुरती नेतायत. दाखवायला. लगेच परत.”

“मी काम करतेय.”

“तू हळू बोल. बाहेर माणसं आहेत.”

मावशीनं पेटीच्या झाकणावर हात ठेवला. काकांनी तो हात असा बाजूला केला, जसा आपण टेबलावरचा कप बाजूला करतो. जोरही लावला नाही. मी उठले तर मावशीनं मलाच खाली बसवलं. “कार्यक्रमापुरती म्हणतायत ना,” ती म्हणाली.

कार्यक्रम झाला. हार, मानचिन्ह, भाषणं. अध्यक्षांनी “जादुई हात” हे शब्द इतक्यांदा वापरले की माझे कान किटले. काका हात जोडून, मान वाकवून, विनयानं अर्धमेले होऊन उभे. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी खरंच ओले झालेले डोळे आधी टिपले. “ठोका मारताना श्वास धरावा लागतो,” ते म्हणाले. श्वास! मोबाइल धरतात ते त्या वेळी. मग अध्यक्षांनी जाहीर केलं की मास्तरांनी आपली पेटी मंडळाला कायमची अर्पण केली आहे, आणि टाळ्या. मावशी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, मान वळवून माझ्याकडे पाहिलं फक्त. पुढे मास्तरांच्या सुविद्य पत्नी म्हणून तिलाही व्यासपीठावर बोलावलं आणि तिच्या हातात एक खोकं दिलं. त्यात भिंतीवरचं घड्याळ होतं. सेलचं. तबकडीवर अध्यक्षांच्या दुकानाचं नाव.

घरी आल्यावर भांडण झालं. भांडण म्हणजे मी बोलले आणि काका पंख्याकडे बघत बसले. शेवटी मावशीनं तोंड उघडलं. “पेटी माझी आहे. तुमच्या वडलांनी मला दिलीय. परत आणा.”

“दिलेली वस्तू मागायची? लोक शेण घालतील माझ्या तोंडात. नवी आणतो की तुला.”

नवी आणली. चमकदार डब्यात, चमकदार पंच. मावशीनं टोकदार कांडी नळीतून सोडली आणि भिंगातून पाहिलं. कांडी भोकाच्या मधोमध न जाता कडेवर टेकत होती. वरचा हातच डुगडुगत होता. अशा पेटीवर ठोकलं तर चाकाचा मुडदा पडणार. तिनं डबा मिटला आणि काकांच्या पुढ्यात ठेवला. “ह्यानं सुपारी फोडा,” ती म्हणाली.

त्यानंतर पडद्यामागची टकटक थांबली. काका गिऱ्हाइकांना सांगायला लागले, “माल येत नाही हो हल्ली.” शाळेतल्या बाई आपलं घड्याळ सुट्टं, पुडीत बांधून परत घेऊन गेल्या. मावशी रिकामी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. ती टेबल पुसायची, पुसलेलं टेबल परत पुसायची. एकदा म्हणाली, “हात खाजतात गं.” मग मात्र मला राहवेना. मी दवाखान्यात रजा टाकली आणि तिला घेऊन सरळ मंडळाच्या सभागृहात गेले. ठरवलं होतं, पेटी उचलून आणायची, कोण काय करतं बघू.

सभागृहात मंडळाचा शिपाई होता. भला माणूस. आम्हाला पाहताच त्यानं मास्तरांच्या घरची माणसं म्हणून खुर्च्या पुसून दिल्या आणि कपाटातला दिवा लावला.

पेटी उघडी ठेवली होती, खाली मखमल. आणि ती झगमगत होती. चकती, वरचा हात, हातोडी, एकूण एक पंच, सगळं आरशासारखं. मला क्षणभर कळलंच नाही की हीच ती पेटी. मावशीनं काचेला नाक लावलं.

“आधी काळपट होते ना सगळे,” शिपाई कौतुकानं सांगत होता. “गंजल्यासारखे. बरं नाही दिसत कपाटात. म्हणून अध्यक्षसाहेबांनी निकेल चढवून घेतलं. मोटारसायकलचे पाइप चकाकवतात ना, त्यांच्याकडून. आधी चाकावर घासून घेतलं, मग निकेल. आता शंभर वर्षं काही होत नाही.”

“उघडता का जरा,” मावशी म्हणाली.

त्यानं कुलूप काढलं. मावशीनं पिशवीतून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पोकळ पंच उचलला, सगळ्यात बारीक. बराच वेळ बघत राहिली. मग भिंग माझ्या हातात दिलं. टोकाचं ते टाचणीएवढं भोक बुजलं होतं. ज्या कडेकडे बघत राहावं असं वाटायचं ती कड घासून घासून चघळलेल्या गोळीसारखी गुळगुळीत झाली होती. मावशीनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. एक पंच नळीत घालून पाहिला. निकेलमुळे जाडी वाढली होती, तो तोंडाशीच अडकला. तिनं तो काढून परत जागेवर ठेवला. ती पेटी आता कुणी परत दिली असती तरी तिचा उपयोग नव्हता.

मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायचं कोणावर? त्या शिपायावर? त्या घासणाऱ्यावर? त्यानं तर सांगितलेलं काम चोख केलं होतं. पेटीखाली पितळी पट्टी होती: ‘मास्तरांच्या जादुई हातांची साथीदार’. तिच्याकडे बघून मावशीनं शिपायाला विचारलं, “इथे थुंकायला कुठे जायचं?”

तो बिचारा घाबरून म्हणाला, “मागे मोरी आहे.” मावशी मागे गेली. आम्ही ऐकलं. मग ती तोंड पुसत आली आणि आम्ही घरी परतलो.

पुढचं झालं ते अध्यक्षांच्याच पायगुणानं. ते एक दिवस दुकानात आले, हातात मऊ कापडात गुंडाळलेलं जुनं किल्लीचं घड्याळ. त्यांच्या वडलांचं. कुणीतरी पाडलं होतं. “दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही मास्तर. तुम्हीच ठोका.” काकांनी उघडलं, च्यक च्यक केलं, आणि सवयीनं पडदा सारून आत आले. घड्याळ मावशीपुढे ठेवलं. सवयीनं मोबाइलही काढला.

मावशीनं घड्याळाला हात लावला नाही. “पंच गेले,” ती म्हणाली. “निकेलखाली गेले. आता होणार नाही.”

“त्या नव्या पेटीवर कर काहीतरी. अध्यक्ष बसलेत बाहेर.”

“नाही.”

काका घड्याळ उचलून बाहेर गेले. पडद्यातून आम्हाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. “काय सांगू साहेब,” ते म्हणत होते, “बारीक काम बंद केलंय मी. हिची तब्येत बरी नसते. घरचं, हिचं, सगळं मलाच बघावं लागतं. हातात कला आहे, पण बायकोपुढे कला काय?”

“वा मास्तर,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. “बायकोसाठी एवढं सोडलंत. हे भाषणात सांगायला हवं होतं.”

मावशी उठली. तिनं पडदा सारला आणि बाहेर गेली, मी तिच्या मागे. ती काउंटरशी उभी राहिली आणि म्हणाली, “मी ठणठणीत आहे. ह्यांना ठोकता येत नाही. कधीच येत नव्हतं. ह्या दुकानात ठोकलेलं प्रत्येक घड्याळ माझ्या हातचं आहे. पेटी माझी होती.”

अध्यक्ष तिच्याकडे बघत राहिले, मग काकांकडे. काका हसले, कसंनुसं, पोरीसोरी काहीबाही बोलल्या की मोठी माणसं हसतात तसं. अध्यक्षांनाही मग हसता आलं. “वहिनी, संसारात असतोच थोडा राग. मोठ्या माणसाच्या सावलीत राहणं सोपं नाही, समजतं मला.”

“ती खरं बोलतेय,” मी म्हटलं. “मी पाहिलंय. रोज पाहिलंय.”

“तुम्ही त्यांच्या भाची ना? बाजू घेणारच.” ते काकांकडे वळले. आवाज खाली आणला, पण आम्हाला ऐकू जाईल एवढा ठेवून. “डॉक्टरला दाखवलंय का?”

मावशी शांत होती. “एवढंच असेल तर ठोकून दाखवते,” ती म्हणाली, “पण कशावर? तुम्ही माझे पंच पाइपवाल्याकडून रंगवून आणलेत.”

“चकाकवले, वहिनी. आदरानं.” अध्यक्षांना आता खरंच वाईट वाटलं असावं, कारण ते घाईनं मऊ व्हायला लागले. “मास्तर, मनाला लावून घेऊ नका. असं करू. हे वडलांचं घड्याळ राहू द्या तुमच्या नावानं. कपाटात पेटीशेजारी ठेवतो. खाली लिहू, ‘मास्तरांच्या हातचं शेवटचं काम’. चालायला कशाला हवंय, कपाटातल्या घड्याळाला कोण किल्ली देतो?”

मी काकांकडे पाहिलं. देवाशपथ सांगते, त्या क्षणी सुद्धा मला आशा होती. माणूस कितीही नासका असला तरी कुठेतरी थांबेल असं आपल्याला वाटत असतं. हातात मोडकी दांडी असलेलं बंद घड्याळ, समोर बायको. एवढंच म्हणायचं होतं की नको, हे नको.

काकांनी घड्याळाचं झाकण प्रेसमध्ये धरलं. बरोबर वाटी निवडली, दांडा हळू दाबला. कट्टकन आवाज आला. मग मऊ कापडानं त्यावरचे बोटांचे ठसे पुसून त्यांनी ते अध्यक्षांच्या हातात दिलं. “चालेल,” ते म्हणाले. “तुमची इच्छा.”

अध्यक्ष गेले. दुकानात आम्ही तिघंच उरलो. काकांनी काउंटर पुसायला घेतलं.

“मला किळस येते तुमची,” मावशी म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. मळ कुणाचा ते सांगायची त्याच आवाजात.

काकांचा हात थांबला. त्यांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा मी नीट निरखला, कारण खोटं बोलणारं तोंड ओळखायचं हेच मी दिवसभर करते. डोळे भरून आले होते. ओठ थरथरत होते. आयुष्यभर घाम गाळलेल्या माणसाला घरच्यांनीच उलटून बोलावं, तसं त्यांना लागलं होतं.

“माझी?” ते म्हणाले. “अगं, मी काय केलं? एवढी वर्षं आत उभं राहून ठोकतोय ते कुणासाठी?”

त्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं. शोधून सापडलं नाही मला. मावशीनंही ते पाहिलं. तिनं पायात चपला घातल्या आणि माझ्याबरोबर आली. अजून माझ्याकडेच आहे.